सोन्याचे नाणे बाजारात चालत होते, पण कोणते?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पुरवण्यांतून सोन्याविषयी जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात एक विधान हमखास असते. पूर्वी आपल्या देशात सोन्याची नाणी रोजच्या बाजारात सर्रास चालत आणि सामान्य माणूसही त्यांनीच देणीघेणी भागवत असे, असे ते विधान. काही वाचक ते वाचून भारावून जातात आणि काही जण थोतांड म्हणून उडवून लावतात. दोन्ही बाजूंची गफलत एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे नाण्याचे वजन कोणीच विचारत नाही. सोन्याचे नाणे रोजच्या व्यवहारात होते की नव्हते, हे ते नाणे किती लहान पाडले जात होते यावर ठरते. भारतापुरते बोलायचे तर या प्रश्नाचे उत्तर नर्मदेच्या उत्तरेला एक येते आणि कृष्णा-तुंगभद्रेच्या दक्षिणेला नेमके उलट येते. या विषयावर लिहिणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा, एवढ्यासाठी हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

आधी उत्तरेकडचे पाहू, कारण आपल्या डोळ्यांपुढे येणारे सोन्याचे नाणे बहुधा मोगली मोहोर असते. मोहोर अकरा ग्रॅमच्या आसपास भरे. अकबराच्या काळातली साधी गोल मोहोर नऊ रुपयांची, रुपया चाळीस दामांचा, म्हणजे एका मोहोरेचे ३६० तांब्याचे दाम झाले. त्याच काळात बांधकामावरच्या सर्वांत खालच्या मजुराला दिवसाला दोन दाम मिळत, असे अबुल फजलने ‘आइने-अकबरी’त नोंदवून ठेवले आहे. याचा सरळ अर्थ असा की, त्या मजुराने एक पैही खर्च न करता १८० दिवस काम केले असते, तरच त्याच्या हातात एक मोहोर पडली असती. दूरचित्रवाणीवरील मालिकांत राजा खूश होऊन हजार मोहरांची थैली भिरकावतो आणि गरीब बिचारा ती झेलतो, तेव्हा ती थैली सुमारे अकरा किलोची आहे आणि तिच्यात त्या मजुराची जवळजवळ पाचशे वर्षांची मजुरी आहे, हे लेखकाच्या गावीही नसते. अशा नाण्याने बाजारहाट होणे शक्यच नव्हते. मोहोर नजराण्याची, साठवणीची, मोठ्या सावकारी उलाढालीची. बाजार रुपयाचा, आणि त्याहूनही अधिक दामाचा होता.

आणखी मागे, ज्याला आपण सुवर्णयुग म्हणतो त्या गुप्तकाळात गेलो, तरी चित्र फारसे बदलत नाही. गुप्त सम्राटांचे दीनार घडणीला देखणे, त्यांच्यावरची धनुर्धर, अश्वारूढ आणि वीणावादक राजाची चित्रे पाठ्यपुस्तकांतून सर्वांनी पाहिलेली असतात. वजन साधारण आठ ग्रॅम. त्याचे व्यवहारातले मोल किती होते, याचा एक पुरावा सांचीच्या शिलालेखात आहे. गुप्त संवत १३१, म्हणजे इ.स. ४५०-५१ मध्ये हरिस्वामिनी नावाच्या उपासिकेने तेथील विहाराला बारा दीनार कायम ठेव म्हणून दिले, आणि त्यांच्या व्याजातून एका भिक्षूला रोज भोजन द्यावे अशी व्यवस्था लावली. बुद्धांपुढे दिवे लावण्यासाठी दिलेले दीनार वेगळे. मुद्दल तसेच राहून केवळ बारा नाण्यांच्या व्याजावर एक माणूस वर्षभर, आणि पुढेही वर्षानुवर्षे, रोज जेवणार! तेव्हा एका दीनाराने कोणी मूठभर तांदूळ विकत घेत असेल, ही कल्पना टिकत नाही. बंगालमधील त्याच काळातल्या ताम्रपटांवरून एक दीनार सोळा चांदीच्या रूपकांबरोबर धरला जात असल्याचे दिसते, आणि तेथे दीनार आढळतात ते जमिनीच्या खरेदी-विक्रीत. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी यात्री फाहियान मध्यदेशाविषयी लिहितो की, तेथले लोक खरेदी-विक्रीसाठी कवड्या वापरतात. दीनार आणि कवडी यांच्यामधली दरी केवढी होती हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या युगातल्या सामान्य घरात सोन्याचे नाणे किती वेळा येत असेल याचा अदमास ज्याचा त्याने बांधावा.

एवढ्यावर थांबलो तर मी उडवून लावणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसलो असे होईल. पण दक्षिणेत सोन्याचे नाणे खरोखरच बाजारात उतरले होते. त्याचे नाव पणम. इंग्रजांनी त्याचे फनम केले, आणि आपल्या जुन्या मराठी कागदांत ते फलम या नावाने भेटते.

ज्यांनी पणम कधी हातात घेतलेले नाही, त्यांना त्याच्या आकाराची कल्पना येणे अवघड आहे. वजन साधारण एक तृतीयांश ग्रॅम, फार तर त्याहून किंचित जास्त; व्यास सात ते नऊ मिलिमीटर; जाडी अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. तळहातावर ठेवले तर ते तुरीच्या डाळीहून थोडेसेच मोठे दिसते, आणि जोराचा श्वास सोडला तरी जागचे हलते. पुष्कळ पणमांना वाटीसारखा किंचित खोलगटपणा असतो. छाप मोठा आणि नाण्याचा तुकडा लहान, त्यामुळे छापाचा काही भागच उमटलेला असतो. कालिकतकडच्या वीरराय पणमांवर ठिपक्यांच्या ओळी आणि एक वळणदार आकृती एवढेच काय ते दिसते. म्हैसूरच्या कंठीरव नरसराज वडियारांनी सतराव्या शतकाच्या मध्यास पाडलेल्या पणमांवर एका बाजूला नरसिंह आणि दुसऱ्या बाजूला नागरी अक्षरे असतात, पण ती अक्षरे वाचायला भिंग घ्यावे लागते. नाणेसंग्राहकांच्या प्रदर्शनात लोक मोहोरेपुढे गर्दी करतात आणि शेजारच्या पणमावरून नजर फिरवून पुढे जातात, यात त्यांचा दोष नाही. ते नाणे आहे हेच मुळी पटकन ध्यानात येत नाही.

आणि तरीही बाजाराच्या दृष्टीने महत्त्वाचे नाणे तेच होते. तैमूरवंशीय शाहरुखाचा वकील अब्दुर रज्जाक १४४३ मध्ये विजयनगरला गेला. देवराय दुसरा तेव्हा गादीवर होता. अब्दुर रज्जाकाने तेथल्या नाण्यांचा जो तपशील दिला आहे, तो इतका नेटका आहे की त्यावरून संपूर्ण कोष्टक मांडता येते. सोन्याची नाणी तीन : वराह, त्याच्या निम्मे प्रताप, आणि प्रतापाचा दहावा हिस्सा म्हणजे पणम. पणमाचा सहावा हिस्सा चांदीचा तार, आणि ताराचा तिसरा हिस्सा तांब्याचा जितल. म्हणजे एका वराहाचे वीस पणम, एका पणमाचे सहा तार किंवा अठरा जितल. या सर्व नाण्यांत पणम सर्वांत उपयोगी आहे, असा शेराही तो मारतो. दरबारात वावरणाऱ्या परदेशी वकिलाला वराहापेक्षा पणम उपयोगी वाटावे, ही गोष्ट मला पुष्कळ काही सांगणारी वाटते. त्याच्या कोष्टकाकडे जरा बारकाईने पाहा. सोन्याच्या सर्वांत लहान नाण्यापासून तांब्याच्या नाण्यापर्यंतचे अंतर फक्त अठरा पट आहे. अकबराच्या राज्यात मोहोर आणि दाम यांच्यातले अंतर ३६० पट होते. जेथे सोने आणि तांबे यांच्यामध्ये अठराच पायऱ्या आहेत, तेथे पानसुपारी तांब्याने आणि आठवड्याचे धान्य सोन्याने घेणे हा रोजचा शिरस्ता होऊ शकतो.

मद्रासमध्ये पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या वहीखात्यांत एका स्टार पॅगोड्याचे, म्हणजे कंपनीच्या वराहासारख्या सोन्याच्या नाण्याचे, बेचाळीस फनम आणि एका फनमाचे ऐंशी कॅश, असा हिशेब चाले. त्रावणकोरात एका पणमाचे चार चक्रम आणि एका चक्रमाचे सोळा काशू. प्रमाणे जागोजाग निराळी असली तरी सांगाडा एकच, आणि त्याच्या मधोमध पणम. टिपू सुलतानाने आपल्या नाण्यांची नावे बदलली, पणमाला राहती म्हटले, परंतु पणम पाडणे काही बंद केले नाही. श्रीरंगपट्टण, नगर, कालिकत अशा त्याच्या निरनिराळ्या टांकसाळींतले पणम आजही मिळतात. टिपूच्या पाडावानंतर फ्रान्सिस बुकॅनन १८००-०१ मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबारमधून फिरला आणि गावोगावची शेती, मजुरी व भाव त्याने टिपून ठेवले. त्याच्या नोंदींत शेतमजुरांची मजुरी आणि मालाच्या किमती पणमांत आहेत. पंधराव्या शतकात वकिलाच्या लेखणीतून दिसणारे पणम एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर शेतमजुराच्या हिशेबातही दिसते, याहून अधिक ‘रोजचा वापर’ तो कोणता?

देवळांचा पुरावाही असाच आहे. तिरुमलै-तिरुपतीच्या विजयनगरकालीन शिलालेखांत भक्तांनी देवाच्या भांडारात जमा केलेल्या रकमा ‘नर्पणम’ या परिमाणात आहेत. ती रक्कम देवस्थान आपल्या गावांतले कालवे आणि तळी खोदण्यात घाली आणि वाढलेल्या पिकातून दात्याच्या नावाने नैवेद्य चाले. सांचीच्या त्या बारा दीनारांची आठवण येथे होतेच. व्यवस्था तीच, ठेवीच्या उत्पन्नातून अखंड सेवा चालवण्याची. पण सांचीत मोजायचे नाणे मोठे होते आणि तिरुपतीत ते इतके लहान होते की, राजा, सरदार, व्यापारी यांच्याबरोबर अगदी बेताच्या ऐपतीचा माणूसही त्याच परिमाणात आपली भर घालू शके.

दक्षिणेतच असे का झाले, याची कारणे ठोस आहेत. भारतात चांदी फारशी निघत नाही. ती समुद्रमार्गे यायची. मोगलांच्या भरभराटीच्या काळात ती सुरतेसारख्या बंदरांतून मोठ्या प्रमाणात आली, आणि म्हणूनच उत्तरेत रुपया सार्वभौम झाला. दक्षिणेत रायचूर-कोलार पट्ट्यात सोन्याच्या खाणी प्राचीन काळापासून होत्या, आणि मिरी व कापडाच्या मोबदल्यात परदेशांतूनही सोने येत होते. हाताशी सोने आहे आणि चांदी अपुरी आहे, अशा परिस्थितीत मधल्या मोलाची पोकळी भरून काढायला दोनच उपाय उरतात : एक तर तांब्याच्या राशी वाहून न्यायच्या, नाही तर सोन्यालाच बारीक करत जायचे. दक्षिणेने दुसरा उपाय निवडला. शिवाय सरकारचा सारा सोन्याच्या परिमाणात आकारला जात असेल, तर शेतकऱ्याला पीक विकून सोन्याचेच काहीतरी पदरात पाडून घ्यावे लागते, आणि त्याच्या आवाक्यातले सोन्याचे नाणे म्हणजे पणमच. नाणे खेड्यापर्यंत पोहोचते ते हौसेने नव्हे, कर भरण्याच्या सक्तीने. हे सत्य थोडे रुक्ष आहे खरे.

लहान नाण्याचे तोटेही लहान नव्हते. ते सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही. सोने मऊ असते, हाताळताना झिजते. अकरा ग्रॅमच्या मोहोरेचा शतांश ग्रॅम झिजला तर तिच्या मोलात हजारात एकाचाही फरक पडत नाही. तेवढीच झीज ०.३५ ग्रॅमच्या पणमाला झाली तर शेकडा तीन टक्के गेले. याच कारणाने, आणि अर्थात राज्यकर्त्यांच्या व टांकसाळवाल्यांच्या लोभानेही, पणमात तांबे आणि चांदी यांची मिसळ बरीच असे. या मिसळीला सरसकट लबाडी म्हणून मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही. मिसळीमुळे नाणे टणक होते आणि तेवढ्याच मोलाचे नाणे आकाराने थोडे मोठे पाडता येते. शुद्ध सोन्याचे तेवढ्या किमतीचे पणम बोटांच्या चिमटीतही सापडले नसते. पण प्रत्येक राज्याची मिसळ वेगळी असल्यामुळे एका गावचे पणम दुसऱ्या गावी पूर्ण भावाने चालत नसे, आणि त्या फरकावर सराफाचा धंदा चाले. कसोटीच्या दगडावर कस लावणे, बट्टा कापणे, झिजलेले नाणे बाजूला काढून वटाव मागणे, ही सर्व कामे आज आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातली वाटतात. तेव्हा मजुरी घेऊन घरी निघालेल्या माणसाला ती दर फेरीला भोगावी लागत असणार.

मोजण्याची अडचण वेगळीच. शे-दोनशे पणम हाताने एकेक करून मोजायचे म्हणजे दिवस मावळायचा. त्यावर दक्षिणेत काढलेली युक्ती मला फार आवडते. एका सपाट लाकडी फळीवर ओळींत नेमक्या नाण्याच्या मापाचे उथळ खळगे कोरलेले असत. मूठ-दोन मुठी नाणी फळीवर ओतायची, फळी दोन्ही हातांनी धरून हलवायची, म्हणजे प्रत्येक खळग्यात एकेक नाणे जाऊन बसते. जास्तीची नाणी तळहाताने सारून काढली की फळीवर ठराविक शंभर किंवा दोनशे नाणी उरली, मोजदाद झाली. त्रावणकोरात चांदीचे चक्रम, जे पणमासारखेच चिमुकले असत, ते मोजायला अशा फळ्या वापरत आणि त्या संग्रहालयांतून आजही पाहायला मिळतात. नाण्याचा वापर रोजचा आणि मोठ्या संख्येने होता, याला या फळीइतका बोलका साक्षीदार दुसरा नाही. ज्या नाण्यांचा फक्त साठाच व्हायचा, ती सावकाश मोजायला वेळच वेळ असतो. त्यांच्यासाठी कोणी अशी फळी कोरत बसत नाही.

येथे जाता जाता परदेशांतले एक-दोन दाखले द्यावेसे वाटतात. इंग्लंडमध्ये पाव गिनी १७१८ मध्ये आणि पुन्हा १७६२ मध्ये पाडली गेली आणि दोन्ही वेळा एका वर्षापलीकडे टिकली नाही. अमेरिकेने १८४९ मध्ये सोन्याचा एक डॉलर काढला. तो १३ मिलिमीटर व्यासाचा आणि १.६७ ग्रॅम वजनाचा होता. तो हातातून निसटतो, हरवतो, अशा तक्रारी झाल्या, म्हणून १८५४ मध्ये तो पातळ करून रुंद करावा लागला, आणि १८८९ नंतर तो बंदच झाला. या दोन्ही देशांतल्या लोकांना जे नाणे वापरायला फार लहान वाटले, त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढे पणम आपल्या दक्षिणेत कित्येक शतके चालले. सोय-गैरसोय सवयीने ठरते असे म्हणावे, की लोकांपुढे दुसरा मार्गच नव्हता असे म्हणावे, याचा निर्णय मी वाचकांवर सोपवतो. माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

आता महाराष्ट्राकडे वळतो, कारण आपले वाचक पहिला प्रश्न हाच विचारतील. यादवांच्या पद्मटंकापासून ते शिवराई होनापर्यंत आपल्याकडे सोन्याचे नाणे दक्षिणेच्या मापाचे, म्हणजे होन-वराहाच्या घराण्यातले होते, मोहोरेच्या घराण्यातले नव्हते. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या खजिन्यातल्या होनांची जी यादी आहे, तिच्यात शिवराईबरोबर अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई अशा विजयनगरच्या राजांच्या नावांचे होन, आदिलशाही मुलखातले होन, असे कितीतरी प्रकार येतात. एकाच तिजोरीत इतक्या राज्यांची नाणी असणे हे वैभवाचे लक्षण आहेच. शिवाय होन हे एका राज्यापुरते नाणे नव्हते, कस आणि वजन पटले की ते कोठेही चालत असे, हेही त्यावरून कळते. त्याच बखरीप्रमाणे घोडदळातल्या जुमलेदाराची तैनात सालाला पाचशे होन आणि मजमूदाराची शंभर ते सव्वाशे होन होती. म्हणजे लष्करी आणि कारकुनी पेशाच्या वरच्या थरापर्यंत होन हे पगाराचे परिमाण होते.

परंतु आठवडी बाजारात होन येत नसे. शिवराई होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि एका होनाचे साडेतीन-चार रुपये धरले, तर तांब्याच्या पैशांत तो दोनशेच्या घरात जातो. विजयनगरच्या मुलखात वराहाखाली पणम होते; आपल्याकडे होनाखाली त्या प्रमाणात पणम रुजले नाही. कोकणपट्टीत परदेशी व्यापारासाठी चांदीच्या तारेची लारी होती, देशावर पुढे रुपया आला, आणि खुर्द्याचे सगळे काम तांब्याने केले. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी सोन्याच्या होनाबरोबर तांब्याची शिवराईही पाडली. दोन्हींवर मजकूर तोच, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. आज होन मूठभर उरले आहेत आणि त्यांच्या छायाचित्रांना तोटा नाही. तांब्याच्या शिवराया मात्र हजारोंनी सापडतात आणि त्यांची छायाचित्रे क्वचितच छापली जातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही आपल्या खेड्यांत शिवराई चालत होती. रयतेच्या हातात जे नाणे खेळले ते हे. त्यातही गावगाड्यातला मोठा व्यवहार बलुत्याच्या रूपाने सुगीला धान्यातच भागत असल्याने, नाण्याची गरज मुळात आजच्याइतकी नव्हती.

आपल्याकडे सोन्याचे नाणे सामान्य घरात शिरले, ते वेगळ्या दाराने. व्हेनिसचा डुकाट १२८४ पासून १७९७ पर्यंत जवळजवळ त्याच कसाचा आणि साडेतीन ग्रॅम वजनाचा राहिला. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला अधिपती त्याच्यावर असे; त्या आकृत्यांवरून आपण त्याला पुतळी म्हटले आणि त्याची माळ करून गळ्यात घातली. नाण्याला कडी लावली की ते चलनातून बाहेर पडते. अडीनडीला मोडता येते, पण त्याने मीठमिरची घेतली जात नाही. घरात सोन्याचे नाणे असणे आणि ते नाणे वापरात असणे, या दोन गोष्टींची गल्लत लेखांतून वारंवार होते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पणमाचा शेवट सरकारी हुकमाने झाला. १८१८ मध्ये मद्रास इलाख्यात रुपया हे मुख्य चलन झाले आणि शंभर पॅगोड्यांना साडेतीनशे रुपये हा दर ठरला. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या संपूर्ण मुलखात एकच रुपया आला आणि सोन्याचे नाणे देणे फेडण्याचे कायदेशीर साधन राहिले नाही. पुढे १८९९ मध्ये सरकारने उलट दिशेने पाऊल टाकून सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याला पंधरा रुपयांच्या दराने मान्यता दिली आणि त्या नाण्याचा प्रसार करून पाहिला. पुष्कळ सॉव्हरिन फिरून सरकारी तिजोरीत आले आणि बाकीच्यांना सोनाराची मूस किंवा पेटीचा तळ जवळचा वाटला. यात आश्चर्य काय? मद्रासच्या जुन्या दराने रुपयाचे बारा फनम होत, म्हणजे एक सॉव्हरिन १८० फनमांचा झाला. सोन्याचे नाणे वापरण्याची सवय ज्या देशाच्या अर्ध्या भागाला कित्येक शतके होती, तेथे सोन्याचे नाणे चालेना, याचा दोष लोकांच्या साठेबाज वृत्तीला देण्याची तेव्हा पद्धत होती. नाणेच बाजाराच्या मापाचे नव्हते, हे साधे कारण पुरेसे आहे.

शेवटी दोन विनंत्या. पहिली आपल्या दैनिकाला आणि संग्रहालयांच्या चालकांना. जुन्या नाण्याचे छायाचित्र छापताना किंवा नाणे मांडताना राजाचे नाव आणि साल यांच्याबरोबर त्याचे वजन, आणि त्या काळी त्याचे किती तांब्याचे नाणे होत असे हे जेथे ज्ञात असेल तेथे एका ओळीत द्यावे. मोठ्या केलेल्या छायाचित्रांत पणम आणि मोहोर सारखीच दिसतात. तेव्हा शेजारी मापपट्टीही असावी. आणि सोन्याच्या प्रत्येक नाण्याशेजारी त्याच राज्याचे तांब्याचे नाणे ठेवावे.

दुसरी विनंती वृत्तांविषयी आहे. पाया खणताना किंवा नांगरताना नाण्यांचा घडा सापडल्याची बातमी येते, तेव्हा मथळ्यात आजच्या सोन्याच्या भावाने त्याची किंमत असते. त्या किमतीला ऐतिहासिक अर्थ काही नाही, आणि ती वाचून पुढच्या माणसाला घडा दडवण्याचा मोह मात्र होतो. मोहोर किंवा होन निदान नाणे म्हणून ओळखला जातो. पणम सोन्याचा चुरा समजून सरळ मुशीत जाते, आणि ते कोणत्या थरात, किती संख्येने, कोणत्या तांब्याच्या नाण्यांबरोबर होते ही माहिती कायमची नष्ट होते. १८७८ च्या निखात निधीविषयीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडला, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. अशा प्रत्येक बातमीच्या खाली ही तरतूद चार ओळींत छापावी आणि नाणी किती ग्रॅमची होती हे वार्ताहराने विचारून घ्यावे, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक